रविवारची साहेबी अंडी

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत
सहा अंडी उकडून ठेवतो, अजूनही.
शब्बाथला चूल नाही,
म्हणून तीन गार खायची, मीठमिरी लावून.
उरलेली तीन फ्रिजमध्ये
रविवारची वाट बघत बसतात,
ओपीडीच्या बाकड्यावर बसल्यासारखी.

आई त्यांना साहेबी अंडी म्हणायची.
साहेब कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
मेंटल हॉस्पिटलातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी
मेट्रन पिंटोबाईंनी तिला शिकवली,
नाइट संपल्यावर, स्टाफरूमच्या स्टोव्हवर,
आणि आईने कृती उतरवून घेतली
हाताला लागला त्या कागदावर :
कुणाच्यातरी तापाच्या तक्त्यामागे.

तो तक्ता माझ्याकडे आहे.
पुढून निळी रेघ,
एकशे तीनवर चढून शनिवारी उतरलेली.
मागून आईचं घाईतलं अक्षर :
लोणी दोन चमचे. मैदा तेवढाच.
कच्चा वास जाईपर्यंत परतणे, रंग न येऊ देणे.
दूध कोमट. एकदम नाही.
सतत ढवळणे.
मग ‘पेशंटला’ असं लिहून खोडलेलं, आणि पुढे :
गुठळीला एकटं सोडू नये.

पांढरं बारीक चिरून त्या दाट दुधात सोडायचं.
पिवळं मात्र वेगळं राखायचं,
ते सगळ्यात शेवटी, चहाच्या गाळणीतून,
बोटाने दाबत दाबत, टोस्टावर.
भुरभुर पडायला लागलं की बाबा ओरडायचे,
“झाली बघा जेजुरी!”
आम्ही बेने इस्रायल, टेंभी नाक्याला सिनेगॉग,
पण भंडारा म्हणजे काय ते ठाण्यात कुणाला शिकवावं लागत नाही.
वागळे इस्टेटीत लेथवर उभं राहून आलेला माणूस,
त्याला हे पांढरं म्हणजे आजाऱ्याचं जेवण.
आई वळली की तो हिरवी मिरची चावायचा,
आणि डोळ्यांतलं पाणी
मिरीवर ढकलायचा.

आज साडेसातलाच मिल्काताईचा फोन.
इथे साडेसात, डिमोनात पाच,
तिथला रविवार कामाचा.
डबा भरून ती बसस्टॉपवर उभी,
मागे अंधार आणि एकच पिवळा दिवा.
“दूध गार घातलंस ना?”
दिसलं नव्हतं तिला. आवाजावरून ओळखलं.
“गाळणी तीच का?”
तीच. मधोमध भोक पडलंय,
त्यामुळे आता भंडारा पडतो
तो मध्येच ढेकूळ होऊन पडतो.
“टाकू नकोस,” ती म्हणाली.
टाकतोय कोण.

मग तिच्या गुडघ्याचं झालं,
माझ्या साखरेचं,
खारकर आळीतल्या घराला किती भाव आला त्याचं.
मग म्हणाली,
“फोन कढईपाशी ठेव जरा. बोलू नकोस.”
मी ठेवला.
मैदा तळाशी धरत होता,
उलथनं खरवडत होतं, खर्र, खर्र,
दूध एकदा फुगून फुटलं.
खाली रिक्षावाल्याने दोनदा किक मारली,
तेही तिने ऐकलं असणार.
किती वेळ ते सांगता येणार नाही.
मी ढवळत होतो.

बस आली तिची. दाराचा फुस्स आवाज,
कुणाशी तरी हिब्रूत दोन शब्द,
आणि स्क्रीन काळी.

टोस्ट करपला होता एका बाजूने.
ती बाजू खाली घातली, आई घालायची तशी.
तीन अंडी एका माणसाला जास्तच.
तरी तीनच घेतो,
दोन घेतली की सॉस उरतो
आणि सॉस कमी करायचं माप
तक्त्यावर नाही.

खाऊन झाल्यावर कढई घेऊन खिडकीत बसलो.
तळाला धरलेली खरवड, जराशी तपकिरी,
जिच्यावरून आम्ही दोघं
एकमेकांचे केस ओढायचो,
आणि आई घड्याळ लावून वाटणी करायची,
तुझी एक मिनिट, तुझी एक मिनिट.

सगळी मलाच.
चमच्याने सुटेना,
मग नखाने काढली.